गर्भकाळ आणि विक्रीहंगाम : मातृत्वकालीन पोशाखाच्या खरेदीनियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज असली, तरी वस्त्रांचा इतिहास प्रामुख्याने टिकून राहिलेल्या वस्त्रांच्या आधारे लिहिला गेला आहे. राजवस्त्रे, विवाहवस्त्रे व लष्करी गणवेश यांचे नमुने वस्तुसंग्रहालयांत जतन केलेले आढळतात. गर्भवती स्त्रीने चार-पाच महिने वापरलेला पोशाख मात्र क्वचितच तेथपर्यंत पोहोचतो. तो उसवून पुन्हा शिवला जातो, बहिणीला किंवा जावेला दिला जातो, नाहीतर त्याची फडकी होतात. परिणामी मातृत्वकालीन पोशाख हा विषय वस्त्रेतिहासात दुर्लक्षित राहिला आणि अशा पोशाखासाठी स्त्रीने केलेले खर्चाचे नियोजन तर त्याहूनही दुर्लक्षित राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य शहरांत मोठी विभागीय दुकाने उदयास आली आणि त्यांच्याबरोबर हंगामी सवलतीची विक्री, म्हणजेच आज सर्वपरिचित असलेला ‘सेल’, ही प्रथा रूढ झाली. काटकसरी गृहिणीने या प्रथेचा उपयोग कसा करावा याचे एक साधे सूत्र होते. हिवाळा सरताना लोकरी कपडे स्वस्तात घ्यावेत व पुढील हिवाळ्यासाठी ठेवून द्यावेत, हे ते सूत्र होय. गर्भवती स्त्रीला नेमका हाच मार्ग बंद होता. तिच्या पोशाखाला पुढचा हंगाम नसतो. तिची गरज हंगामाबरोबर येत नाही, तशीच ती पुढील वर्षापर्यंत थांबतही नाही. गर्भकाळ आणि विक्रीहंगाम या दोन कालगणनांमधील ही विसंगती हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) हंगामी सवलत-विक्रीच्या उदयामागील कारणे व तिची कालरचना समजून घेणे.

२) या कालरचनेत गर्भवती ग्राहकाचे स्थान कोणते होते, हे तपासणे.

३) ही विसंगती दूर करण्यासाठी उत्पादक, शासन व स्वतः स्त्रिया यांनी योजलेल्या उपायांचा आढावा घेणे.

अभ्यासाची व्याप्ती मुख्यत्वे १८५० नंतरच्या अमेरिका, ब्रिटन व फ्रान्सपुरती मर्यादित आहे. तयार मातृत्वकालीन पोशाखाची बाजारपेठ प्रथम अमेरिकेत आकारास आली, त्यामुळे विवेचनाचा मोठा भाग तेथील आहे. तुलनेसाठी महाराष्ट्रातील वस्त्रव्यवहाराचा थोडक्यात विचार केला आहे.

सवलत-विक्रीचा उदय

पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या दुकानात अरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये भागीदार झाला. प्रत्येक वस्तूवर निश्चित किंमत लिहिणे, न पटलेला माल परत घेणे आणि कमी नफ्यावर अधिक विक्री करणे ही त्याच्या व्यापाराची तत्त्वे होती. घासाघीस संपुष्टात आल्यामुळे किंमत ही विक्रेता व ग्राहक यांच्यातील खाजगी बाब राहिली नाही. ती सर्वांना दिसू लागली आणि म्हणूनच ती उतरली की तेही सर्वांना दिसू लागले. निश्चित किमतीशिवाय सवलतीची कल्पनाच संभवत नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. जानेवारीच्या मंदीच्या दिवसांत चादरी, टेबलक्लॉथ, अंतर्वस्त्रे अशा पांढऱ्या मालाची खास विक्री हे या दुकानाचे वैशिष्ट्य ठरले. एमिल झोला याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओ बोनर दे दाम’ या कादंबरीचा शेवट अशाच पांढऱ्या मालाच्या प्रचंड प्रदर्शनात होतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वॉनामेकर यांनी १८७८ च्या जानेवारीत ‘व्हाइट सेल’ सुरू केल्याचे मानले जाते.

बोस्टनमधील फायलीन यांच्या दुकानाच्या तळघरात १९०९ मध्ये सुरू झालेली पद्धत या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. तेथे किंमत विक्रेत्याच्या मर्जीने नव्हे, तर नियमाने उतरत असे. विक्रीचे बारा दिवस उलटूनही वस्तू पडून राहिल्यास किंमत २५ टक्क्यांनी कमी होई, अठरा दिवसांनंतर ५० टक्क्यांनी आणि चोवीस दिवसांनंतर ७५ टक्क्यांनी. तीस दिवसांनंतरही न खपलेली वस्तू धर्मादाय संस्थेला दिली जाई. ग्राहकाला सर्व तारखा ठाऊक असत. प्रश्न एवढाच उरे, की आज घ्यावे की थांबावे? थांबल्यास किंमत उतरणार हे निश्चित होते, पण तोवर ती वस्तू दुसऱ्या कोणी उचलण्याची भीतीही तितकीच खरी होती.

सवलत-विक्रीची अर्थशास्त्रीय मीमांसा बरीच उशिरा झाली. एडवर्ड लझीर यांनी १९८६ मध्ये व पीटर पाशिजियन यांनी १९८८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात या विषयावर लेख प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. कोणता रंग व कोणता घाट ग्राहकाला आवडेल हे विक्रेत्याला आधी माहीत नसते. म्हणून तो आरंभी किंमत चढी ठेवतो आणि जे खपत नाही त्याची किंमत क्रमाने उतरवतो. फॅशनचा अंश जितका अधिक, तितकी अनिश्चितता अधिक आणि तितकीच सवलतही मोठी.

या सिद्धांताच्या प्रकाशात मातृत्वकालीन पोशाखाची स्थिती निराळी दिसते. अपत्यजन्म वर्षाच्या बाराही महिन्यांत होत असल्याने या पोशाखाला सतत नवा ग्राहक मिळत राहतो. त्यातील फॅशनचा अंश दीर्घकाळ मर्यादित होता. शिवाय ग्राहकाची गरज तातडीची असते, हे विक्रेता जाणून असतो. जिला थांबणे शक्य नाही, तिच्यासाठी किंमत उतरवण्याची विक्रेत्याला घाई नसते.

दोन कालगणनांची विसंगती

ही विसंगती एका साध्या हिशेबाने स्पष्ट होऊ शकेल. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा धरला जातो. नेहमीचे कपडे साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यापासून घट्ट होऊ लागतात. म्हणजे खास पोशाखाची गरज जेमतेम १४० दिवसांची असते. प्रसूतीनंतरचे काही आठवडे त्यात मिळवले, तरी हा अवधी अर्ध्या वर्षाच्या आतच राहतो.

उत्तर अमेरिकेतील किंवा युरोपातील एखाद्या स्त्रीचा गर्भकाळ १ जूनपासून मोजला, तर प्रसूतीची अपेक्षित तारीख ८ मार्च येते. ऐन गरजेचे महिने कडक थंडीचे असतात आणि उबदार पोशाख आवश्यक ठरतो. जानेवारीचा सेल लागतो तेव्हा मात्र तिचा एकतिसावा आठवडा चालू असतो. स्वस्त झालेला पोशाख तिला जेमतेम नऊ-दहा आठवडे वापरता येतो आणि त्याआधीचे दोन-अडीच महिने तिने काय घालावे हा प्रश्न तसाच राहतो. याउलट गर्भकाळ १ सप्टेंबरपासून मोजला, तर अपेक्षित तारीख ८ जून येते. जानेवारीत तिची गरज नुकती सुरू झालेली असते. खरेदीस ही वेळ उत्तम भासते, परंतु त्या वेळी सवलतीत मिळणारा माल सरत्या हिवाळ्याचा असतो आणि तिचे सर्वांत अवघड महिने एप्रिल-मेचे असतात. पहिल्या स्त्रीला योग्य वस्तू उशिरा मिळते, तर दुसरीला वेळेवर अयोग्य वस्तू मिळते.

फायलीनच्या तळघराचा नियम या स्त्रियांना लावून पाहिल्यास असे दिसते, की किंमत एकचतुर्थांशावर येईपर्यंत चोवीस विक्री-दिवस थांबणाऱ्या गर्भवतीच्या एकूण गरजेचा सुमारे एकषष्ठांश काळ वाट पाहण्यातच सरतो. इतर ग्राहकांच्या बाबतीत थांबण्याचा मोबदला केवळ गैरसोय हा असतो. गर्भवतीच्या बाबतीत मात्र ज्या काळासाठी वस्तू हवी, तो काळच खर्ची पडतो.

पांढऱ्या मालाची विक्री मात्र तिच्या निश्चितच उपयोगाची होती. चादरी, मलमल, फ्लॅनेल, बाळंतविडा यांना हंगाम नसतो आणि ही वस्त्रे ठेवून देता येतात. म्हणजेच सवलत-विक्रीने येणाऱ्या बाळाची सोय केली, पण ते बाळ वाहणाऱ्या देहाची केली नाही.

उत्पादकांचे उपाय : लेन ब्रायंट व पेज बॉय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतांश पाश्चात्त्य स्त्रिया गरोदरपणात सैल झगे, बंदांनी सैल-घट्ट करता येणारी घरगुती वस्त्रे व ॲप्रन वापरीत. संपन्न वर्गातील स्त्रियांसाठी बाजूंनी बंद असलेले खास कॉर्सेटही मिळत. दिवस गेलेल्या स्त्रीने शक्यतो समाजात वावरू नये हा मध्यमवर्गीय संकेत असल्यामुळे बाहेर घालण्याजोग्या तयार पोशाखाची मागणी उघडपणे पुढे येत नव्हती.

हा संकेत मोडण्याची सुरुवात लिथुएनियातून १८९५ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या लीना हिमेलस्टीन या तरुण ज्यू शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या हातून झाली. आरंभी तिला आठवड्याला एक डॉलर मजुरी मिळत होती. डेव्हिड ब्रायंट या जवाहिऱ्याशी विवाह झाल्यावर थोड्याच काळात तिला वैधव्य आले. तान्ह्या मुलाच्या पालनपोषणासाठी तिने कर्णभूषणे गहाण ठेवून शिलाई यंत्र घेतले आणि १९०४ मध्ये दुकान थाटले. बँकेच्या कागदपत्रांत ‘लीना’चे ‘लेन’ झाले आणि तेच दुकानाचे नाव रूढ झाले. घरी पाहुण्यांसमोर वावरता येईल असा सुखकर पोशाख एका गर्भवती ग्राहकाने मागितला असता तिने चोळीवजा वरचा भाग व चुण्यांचा घागरा लवचीक पट्टीने जोडून एक झगा सिद्ध केला. वाढत्या देहाबरोबर तो वाढत असे. या पोशाखाची किंमत १८ डॉलर होती अशी नोंद मिळते. त्याच्या निर्मातीच्या आरंभीच्या मजुरीच्या हिशेबाने ती अठरा आठवड्यांची कमाई ठरते. ज्या श्रमिक स्त्रिया असे पोशाख शिवीत, त्यांना ते परवडणारे नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.

पोशाख तयार झाला तरी त्याची जाहिरात करणे अवघड होते. गरोदरपणाचा उल्लेख छापण्यास वृत्तपत्रे तयार नव्हती. १९११ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने अशी जाहिरात प्रथम स्वीकारली आणि दुकानातील सर्व माल अल्पावधीत संपला. लीनाचे दुसरे पती अल्बर्ट मॅल्सिन हे अभियंता होते. त्यांच्या व्यवस्थापनाखाली टपालाद्वारे विक्री वाढली आणि १९१७ पर्यंत वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. टपालविक्रीने दुकानात जाण्याचा संकोच दूर केला. त्याचबरोबर छापील किंमतसूची घरी आल्याने नियोजनाचेही एक साधन स्त्रियांच्या हाती आले. दिवस, गरज व पैसा यांचा मेळ तिला घरबसल्या घालता येऊ लागला.

डॅलस येथे १९३८ मध्ये फ्रँकफर्ट भगिनींनी सुरू केलेल्या ‘पेज बॉय’ या व्यवसायाने पुढचे पाऊल टाकले. घागऱ्याच्या पुढच्या भागात पोटासाठी खिडकीसारखी जागा कापून ती वरच्या सैल जाकिटाने झाकायची, अशी त्यांची रचना होती. त्यामुळे पोट वाढले तरी घागऱ्याची पुढची किनार उचलली जात नसे. या रचनेचे त्यांनी पेटंटही मिळवले. एकच घागरा आरंभापासून प्रसूतीपर्यंत चालावा हा या रचनेचा आर्थिक अर्थ होय. जे किंमत उतरल्याने साधत नव्हते, ते वापराचा काळ लांबवून साधण्याचा हा प्रयत्न होता.

शासनाचा उपाय : युद्धकालीन ब्रिटन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. प्रौढ व्यक्तीला वर्षाला ६६ कूपने मिळत व पुढे ही संख्या घटत गेली. स्त्रियांच्या लोकरी पोशाखाला ११ कूपने द्यावी लागत. कूपनांची संख्या वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वस्त्रप्रकारावर व कापडावर ठरत असे. त्यामुळे स्वस्त पोशाख घेतला म्हणून कूपन वाचत नसे. सवलतीचा शोध घेण्याचे कौशल्य येथे निरुपयोगी ठरले आणि टिकाऊ वस्तू निवडण्याच्या कौशल्याला महत्त्व आले.

गर्भवती स्त्रीला आरंभी ५० जादा कूपने देण्यात आली व पुढे ती ६० करण्यात आली. ही कूपने मुख्यत्वे बाळाच्या कपड्यांसाठी होती. त्यांतून स्वतःसाठी पोशाख घ्यावा तर लंगोट व ब्लँकेट कमी पडणार, अशी आईची कोंडी होई. साहजिकच जुने पोशाख उसवून सैल करणे, पतीचे कपडे वापरणे, शेजारणीकडून उसने आणणे हे मार्ग अवलंबले गेले. १९४३ मध्ये शासनाने काढलेल्या ‘मेक डू अँड मेंड’ या पुस्तिकेने दुरुस्ती व पुनर्वापर ही राष्ट्रीय कर्तव्ये ठरवली. कपड्यांचे रेशनिंग मार्च १९४९ मध्ये संपले. गरोदरपणाची वस्त्रगरज ही स्वतंत्र व मोजता येण्याजोगी गरज आहे, ही गोष्ट शासनाने मान्य केली, हे या व्यवस्थेचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र या मान्यतेतही आईचा वाटा बाळाच्या वाट्यापासून वेगळा काढला गेला नाही.

नोकरदार गर्भवती व साखळी दुकाने

युद्धोत्तर अमेरिकेत जन्मदर वाढला आणि मातृत्वकालीन पोशाख सर्रास दिसू लागला. तरीही १९५२ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या दूरचित्रवाणी मालिकेत नायिकेचे गरोदरपण दाखवताना ‘प्रेग्नंट’ हा शब्द वापरण्यास सीबीएस वाहिनीने अनुमती दिली नव्हती. १९७८ च्या कायद्याने गरोदरपणाच्या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी केली. गर्भवती स्त्री शेवटच्या महिन्यापर्यंत कार्यालयात दिसू लागली आणि तिला कार्यालयीन पोशाखाची गरज भासू लागली. १९८२ मध्ये रिबेका मथायस यांनी नोकरदार स्त्रियांसाठी टपालविक्रीच्या स्वरूपात ‘मदर्स वर्क’ हा व्यवसाय सुरू केला. या कंपनीने १९९४ मध्ये ‘पेज बॉय’ आणि १९९५ मध्ये ‘अ पी इन द पॉड’ व ‘मदरहूड’ हे व्यवसाय विकत घेतले. २००८ मध्ये तिने ‘डेस्टिनेशन मॅटर्निटी’ हे नाव धारण केले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळखोरीविषयक संरक्षणासाठी न्यायालयाकडे अर्ज केला.

या कालखंडात मातृत्वकालीन पोशाखात फॅशनचा अंश वाढला आणि पूर्वोक्त सिद्धांतानुसार त्यात सवलतही आली. दोन कालगणनांची विसंगती मात्र कायम राहिली. म्हणूनच मैत्रिणींमधील देवघेव व वापरलेल्या कपड्यांची दुकाने यांचे महत्त्व कमी झाले नाही. जो पोशाख एका स्त्रीला पुढल्या वर्षी निरुपयोगी, तो दुसरीला त्याच वर्षी उपयुक्त असतो. एका स्त्रीच्या गरजेला नसलेला ‘पुढचा हंगाम’ स्त्रियांच्या समूहाला मात्र उपलब्ध असतो.

महाराष्ट्रातील वस्त्रव्यवहार : एक तुलना

महाराष्ट्रातील परंपरागत वस्त्रव्यवहारात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला होता. नऊवारी लुगडे हे न शिवलेले वस्त्र असल्यामुळे ते वाढत्या देहानुसार नेसता येते. निऱ्या कमी-अधिक करणे एवढाच बदल पुरेसा ठरतो. शिवलेली चोळी तेवढी सैल करावी लागे. त्यामुळे मातृत्वकालीन असा स्वतंत्र पोशाख येथे निर्माण झाला नाही. डोहाळजेवणाला दिली जाणारी हिरवी साडी ही गरोदरपणासाठी केलेली खरेदी असली, तरी ती पुढे वर्षानुवर्षे नेसता येते. बाळाच्या वस्त्रांबाबतही खरेदीपेक्षा पुनर्वापराला प्राधान्य होते. जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यांची बाळोती व दुपटी केली जात. मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतीलाभाचा कायदा झाला. गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रजेचा व भत्त्याचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला, पोशाखाचा मात्र आला नाही, यामागे लुगड्याची ही लवचीकता एक कारण असावी.

पंजाबी ड्रेस, गाउन व पाश्चात्त्य धर्तीचे कपडे रूढ झाल्यावर परिस्थिती पालटली. सलवारीची नाडी सैल करता येते, पण कमीज शिवलेलीच असते. शहरी नोकरदार स्त्री आज पावसाळी सेल, दसरा-दिवाळीची सवलत आणि स्वतःचे दिवस यांचा मेळ घालताना दिसते. साडीमुळे न उद्भवलेला प्रश्न शिवलेल्या वस्त्राबरोबर येथेही आला.

निष्कर्ष

१) हंगामी सवलत-विक्री ही ठेवून देता येण्याजोग्या वस्तू आणि थांबू शकणारा ग्राहक या दोन गृहीतकांवर उभी आहे. मातृत्वकालीन पोशाखाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके लागू पडत नाहीत.

२) त्यामुळे गर्भवतीला खरा दिलासा किमतीतील घटीपेक्षा वापराचा काळ वाढवणाऱ्या उपायांतून मिळाला. लवचीक पट्टी, बदलता घागरा, न शिवलेली साडी आणि हातोहात फिरणारा पोशाख ही त्याची उदाहरणे होत.

३) व्यापारी व शासन या दोघांनीही बाळाची वस्त्रगरज आधी ओळखली. आईची गरज पुष्कळदा बाळाच्या गरजेत मिसळून टाकली गेली.

४) दोन कालगणनांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक पिढीतील स्त्रीने स्वतःच्या हिशेबाने केले. या श्रमाची नोंद दुकानांच्या खतावण्यांत नाही आणि वस्तुसंग्रहालयांतही नाही. ती घरगुती जमाखर्चाच्या वह्यांत, शिवणाच्या मापांत व वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात शिल्लक आहे. महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी मौखिक इतिहासाच्या साहाय्याने हे साहित्य संकलित केल्यास ग्राहकाच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल. या वह्या रद्दीत जाण्याआधी हे काम हाती घेतले जाणे निकडीचे आहे.